भातराखणीचे दिवस आणि बंदुकीत अडकलेलं काडतूस

परतीचा पाऊस सरला, लोंब्या दाण्यानं भरून वाकल्या, की कोकणात रात्रीची राखण सुरू होते. पीक संरक्षणाची बंदूक चार महिने दमट हवेत कपाटात पडून असते आणि याच दिवसांत बाहेर निघते. निवडणुकीत जमा केलेली परत आलेली असेल, तर तिचे हालही तसेच. काडतूस अडकण्याचं मूळ बहुतेक वेळा या पावसाळ्यात असतं. म्हणून पहिल्या राखणीआधी एक दुपार बंदुकीसाठी काढा.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी आधी ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायच्या बंदुकीचाच विचार आहे. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. काडतुसाचा प्रश्न या दुसऱ्या बंदुकीचा: एकनळी, दुनळी किंवा पंपाची १२ बोर.

आधी काडतुसं बघा. कागदी काडतूस ओल धरतं आणि फुगतं. ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या खाचेत, जोर लावून बसवावं लागलं, तर काढताना त्याहून जोर लागणार. पितळी बूड हिरवं पडलेलं, तोंड उकललेलं काडतूस बाजूला काढा. लांबीही तपासा. काडतुसावरची लांबी बार उडून तोंड उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे ७० मिलिमीटरचं काडतूस जुन्या ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये मुकाट्यानं बसतं, पण उडताना त्याच्या तोंडाला उलगडायला जागा नसते. दाब वाढतो आणि रिकामी नळकांडी तिथेच घट्ट बसते. २० बोरचं, म्हणजे बारीक काडतूस तर १२ बोरच्या बंदुकीजवळही ठेवू नका. ते घसरून नळीत पुढे अडकतं, मागून १२ बोरचं नवं काडतूस बसतं, आणि बार काढला की नळी फुटते.

आता प्रत्यक्ष अडकल्यावर काय करायचं. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर लगेच बंदूक उघडू नका. दारू कधीकधी उशिरा पेटते. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून पूर्ण एक मिनिट थांबा. अंधारात हे मिनिट फार लांब वाटतं, तरी थांबाच. मग बोट चापाबाहेर ठेवून सेफ्टीचा खटका लावा. पंपाच्या बंदुकीत मूठ सरकवणारी पट्टी मोकळी करायचं बटण चापाच्या कमानीजवळ असतं. ते दाबून पुढची मूठ सावकाश मागे ओढा. अर्ध्यावर थांबली तर हिसका देऊ नका. मॅगझिनमधली काडतुसं शक्य असेल तर आधी काढून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: आतलं काडतूस उडालेलं आहे की भरलेलं? बुडावरचा खळगा बघून ठरवू नका, न उडालेल्या काडतुसावरही घोड्याचा खळगा पडतो. बार ऐकू आला, दस्त्याचा धक्का खांद्याला बसला, याची खात्री असेल तरच ते उडालेलं समजा. शंका असेल तर भरलेलं.

उडालेलं असेल, आणि कडा दिसते पण ती धरून काडतूस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा निसटलाय, तर बोटांनी ओढून बघा. नाही निघालं तर कडेनं पातळ तेलाचे दोनतीन थेंब सोडून थोडं थांबा. मग बंदूक पूर्ण उघडी ठेवून नळीच्या तोंडाकडून गुळगुळीत लाकडी दांड्यानं हलके ढकला. १२ बोरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची असते, दांडा त्याहून थोडा बारीक हवा. चेहरा नळीसमोर आणू नका.

भरलेलं असेल तर दांडा, स्क्रूड्रायव्हर, पक्कड काहीच वापरू नका. दस्ता जमिनीवर आपटणं तर नकोच. त्या वेळी नळी आपल्याच छातीकडे असते. नळी सुरक्षित दिशेला ठेवून माणसं दूर करा. बंदूक कुठे नेण्याआधी परवानाधारक कारागिराला फोन करून विचारा.

बार नेहमीसारखा न वाजता फुस्स झाला, तर पुढचं काडतूस भरूच नका. गट्टा, म्हणजे दारू आणि छर्‍यांमधला बोळा, नळीत अडकलेला असू शकतो. बंदूक रिकामी करून उघडी ठेवा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेव्हा पहिल्या राखणीआधीही हे करायचंच.

हे पुढच्या वर्षी टाळायचं तर चेंबरमधला गंज पितळी ब्रशनं काढा, तेलाचं फडकं फिरवा, पण थर ठेवू नका.

आणखी एक. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रानडुकरासाठीही वन विभागाची लेखी परवानगी लागते. पुष्कळदा हवेतला एक बार, डबे आणि उजेड एवढ्यावर कळप हटतो.

खराब काडतुसं चुलीत किंवा विहिरीत टाकू नका, परवानाधारक दुकानदाराकडे परत द्या आणि परवान्यावर तशी नोंद करून घ्या.