मुलांच्या मेंदूसाठी प्रोबायोटिक देताय? या चुका टाळा

दहावी-बारावीचा अभ्यास तापला की नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या औषधाच्या दुकानात एक मागणी ठरलेली. "भाऊ, ते पोटातले चांगले जंतू मिळतात ना, ज्यानं पोराचं डोकं चालते, ते द्या."

हे चांगले जंतू म्हणजेच प्रोबायोटिक. पोटाचा आणि मेंदूचा संबंध खरा आहे. २००४ साली जपानच्या क्यूशू विद्यापीठात दिसलं, की आतड्यात एकही जंतू नसलेले उंदीर ताण आला की नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त बिथरतात, आणि बायफिडोबॅक्टेरियम या चांगल्या जंतूची एक जात पोटात गेली की ते सावरतं. फिनलंडमध्ये ७५ बाळांवर १३ वर्षं लक्ष ठेवलं. पहिले सहा महिने लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा दुसरा चांगला जंतू मिळालेल्या ४० जणांपैकी कुणालाही एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) किंवा अ‍ॅस्पर्जर (ऑटिझमचा एक प्रकार) निघालं नाही, न मिळालेल्या ३५ पैकी ६ जणांना निघालं. अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. पण इतक्या थोड्या मुलांवरून औषध ठरत नाही, आणि ती तान्ही बाळं होती. आतड्यातली जंतूंची वस्ती साधारण तीन वर्षांपर्यंत बरीच स्थिरावते. सोळा वर्षांच्या मुलाला पुडी दिल्यावर फिजिक्सची सूत्रं पाठ होतील, असं यातून कुठेच निघत नाही.

तरी लोक देतात, आणि खरं दुखणं मागे राहून जातं. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एक ताई दहावीतल्या मुलीसाठी महागाच्या कॅप्सूल नेत होत्या. लक्ष लागत नाही, दुपारी वहीवरच झोपते. दर महिन्याला यायच्या आणि "अजून फरक नाही, दुसऱ्या कंपनीचं द्या" म्हणायच्या. एकदा पैसे मोजता मोजता बोलून गेल्या, "डब्यातले कच्चे तांदूळ खाते हो मुठीमुठीनं, म्हणूनच पोट बिघडलं असंल." मी कॅप्सूल परत कपाटात ठेवल्या. मुलगी बाहेर गाडीवर बसली होती, तिला आत बोलावलं. खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. पाळीत रक्त किती जातं विचारलं तर आईकडे बघायला लागली. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ८ च्याही खाली निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत तांदूळ सुटले, दुपारची झोपही गेली.

कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ खावंसं वाटणं ही लोह कमी असल्याची जुनी खूण आहे. मेंदूतल्या डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाला आणि नसांवरच्या आवरणाला लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. म्हणून माझ्याकडे कुणी एकाग्रतेसाठी काही मागितलं, की मी आधी विचारतो: रक्त तपासलं का, जंताची गोळी कधी दिली, रात्री किती वाजता झोपतो. बरेच जण चिडतात. चिडू द्या.

दुसरी चूक आपल्या उन्हाची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, आणि पुड्या गाडीच्या डिक्कीत टाकून आधी बर्डीच्या बाजारात खरेदी, मग घर. तिथं उकळत्या दुधात मिसळून पोराला. लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम यांना एवढी उष्णता सोसत नाही. बॅसिलस क्लॉसीच्या छोट्या बाटल्यांत बीजाणू, म्हणजे जाड कवचातले झोपलेले जंतू, असतात, ते जास्त तग धरतात, पण प्रत्येक पुडीत ते नसतात. पाकिटावर किती अंशांखाली ठेवा लिहिलंय ते वाचा. उन्हाळ्यात मी सकाळी दुकान उघडताच यायला सांगतो आणि इथून थेट घरी जा म्हणतो. कोमट नको, साध्या पाण्यात किंवा गार दह्यात मिसळा.

घरच्या आंबवलेल्या पदार्थांतून हे जंतू मिळतातच असं नाही. महालक्ष्म्यांची आंबील रात्रभर आंबते, पण नंतर शिजते. कढीचंही तेच. त्यातले जंतू मरतात. तरी मुलांना जरूर खाऊ घाला, जेवण म्हणून ती चांगलीच आहे. आतड्यातल्या जंतूंना तंतू हवे असतात, म्हणून ज्वारीची भाकर, डाळ, हरभरे, पेरू ताटात रोज असू द्या. चिप्सच्या पाकिटावर पुडी देऊन काही साधत नाही.

पाकिटावरचा जंतूंचा कोटींचा आकडा बघून घेऊ नका, जात कोणती ते बघा.

अँटिबायोटिक सुरू असेल तर ते आणि प्रोबायोटिक यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. काही पुड्यांत असणारी सॅकरोमायसिस बोलार्डी ही यीस्ट, म्हणजे एक बुरशी आहे, तिला अँटिबायोटिक मारत नाही, बुरशीवरचं औषध मात्र मारतं.

आठ दिवसांत कंपनी बदलू नका.

एडीएचडीची गोळी किंवा ऑटिझमची थेरपी बंद करून प्रोबायोटिकवर येणाऱ्यांना मी पुडी देतच नाही, भांडण झालं तरी.

आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ, केमो घेणारं मूल, शिरेत नळी असलेलं मूल यांना स्वतःच्या मनानं एक कणही देऊ नका. त्यांच्यात हे जंतू रक्तात उतरू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल २०२३ मध्ये डॉक्टरांनाच इशारा दिला आहे. अशा बाळासाठी कुणी माझ्याकडे आलं तर मी बाळाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतो, आणि चिठ्ठी असली तरी एकदा फोन करून विचारतो.