चिंच-मीठ विसरा: जतन प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

घरी तांब्याची कळशी काळवंडली की चिंच-मीठ लावून लख्ख करतात. उत्खननातून आलेल्या तांब्याला यातलं काहीच चालत नाही, मीठ तर मुळीच नाही. जमिनीत असताना मिठातल्या क्लोराइडनेच तर त्याची वाट लावलेली असते. तरी नवीन मुलं येतात ती वस्तू चकचकीत करण्याच्या उत्साहात. पहिले काही महिने हा उत्साह आवरणं, हेच मुख्य शिक्षण.

उदाहरण म्हणून नागपूरजवळच्या माहूरझरीसारख्या महापाषाणीय (मोठ्या दगडांची वर्तुळं रचलेल्या प्राचीन दफनांच्या) स्थळांवरचं तांबं घ्या. घोड्याच्या साजाचा पातळ पत्रा हाती येतो तेव्हा तो हिरवा ढेकूळच असतो. आधी मोजपट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो, वजन, नोंदवहीत क्रमांक. मगच स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली १० ते २० पट मोठं करून बघायचं. बाहेर माती मिसळलेला मऊसर हिरवा थर, त्याखाली घट्ट गडद हिरवा, मग लालसर क्युप्राइट (तांब्याचं ऑक्साइड) आणि सगळ्यात आत धातू, काही उरला असेल तर. वस्तूचा मूळ पृष्ठभाग बहुतेकदा त्या घट्ट हिरव्यात किंवा त्याच्या तळाशी असतो. नक्षी, हत्याराच्या खुणा तिथेच. म्हणजे गंज पूर्ण काढला की वस्तूही गेली.

स्काल्पेलचं (शस्त्रक्रियेच्या चाकूचं) १५ नंबरचं ब्लेड जवळजवळ आडवं धरायचं. खरवडायचं नाही, थर उचलायचा. माती घट्ट असेल तर कापसाच्या बोळ्याने इथेनॉलचा एक थेंब लावून मिनिटभर थांबायचं. ब्लेडखाली भुसभुशीत लागतंय तोवर ठीक. एकदम गुळगुळीत, किंचित चमक असलेली जागा लागली की तिथे थांबायचं आणि त्याच पातळीवरून बाजूला सरकायचं. लाल दिसायला लागलं तर बहुधा तुम्ही खोल गेलात. तासाभरात अंगठ्याच्या नखाएवढी जागा झाली तरी काम चांगलं झालं असं समजा.

खरी डोकेदुखी ब्राँझ डिसीजची, म्हणजे क्लोराइडमुळे तांब्या-ब्राँझला आतून पोखरत जाणाऱ्या गंजाची. खड्ड्यात फिकट पोपटी पूड दिसते, टोचली की गळून पडते, खाली करडा मेणचट पदार्थ. हे क्युप्रस क्लोराइड. दमट हवा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून हिरवी पूड तयार होते आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल चांगल्या धातूला खाऊन पुन्हा क्लोराइड बनवतं, आणि चक्र चालूच. शंका असेल तर बंद डब्यात ओल्या कापसाशेजारी, पण त्याला न टेकता, वस्तू २४ तास ठेवा. नवे पोपटी ठिपके आले तर रोग जिवंत आहे.

उपाय ठरलेला: पूड यांत्रिक पद्धतीने काढायची, वस्तू अॅसिटोनमधून काढून कोरडी करायची, मग इथेनॉलमधल्या ३ टक्के गंजरोधक बेन्झोट्रायअॅझोलमध्ये, शक्यतो व्हॅक्यूमखाली, २४ तास. बाहेर काढल्यावर इथेनॉलच्या बोळ्याने पुसून घ्यायची, नाहीतर पांढरे स्फटिक जमतात. नायट्राइल हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) यांशिवाय या रसायनाला हात लावू नका. नंतर दमट डब्याची चाचणी पुन्हा. ठिपके आले तर सगळं पुन्हा.

एवढं करूनही साठवण चुकली तर मेहनत पाण्यात. तांब्याला सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती सहज ८० ओलांडते. झाकण घट्ट बसणारा पॉलिथिनचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड. हमखास होणारी चूक म्हणजे वस्तूच्या पिशवीला भोकंच पाडलेली नसतात. मग बाहेरचं जेल कोरडं करणार काय? निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांवर निळं होईपर्यंत तापवायचं. लोखंड वेगळ्या डब्यात, कारण त्याला याहून कोरडं, २० टक्क्यांच्या खाली लागतं. त्यावर पिवळट-तपकिरी थेंब सुटले की आत क्लोराइड आहे हे ओळखावं.

खापरं सोपी वाटतात, आणि तिथेच घात होतो. जोर्वे भांडी (महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातली) चांगली भाजलेली, टिचकी मारली तर खणखणीत वाजतात. ती पाणी सहन करतात. हाताने घडवलेले जाडे रांजण कमी भाजलेले असले तर बादलीत विरघळतात. म्हणून आधी एक बिननक्षीचा तुकडा अर्धा तास पाण्यात ठेवून बघा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात मिळालेली देवीची मूर्ती तर कच्च्या मातीची होती. अशा वस्तूजवळ पाण्याचं भांडंही नको. पाणी सोसणाऱ्या खापरांतून क्षार काढताना डिस्टिल्ड वॉटर रोज बदलायचं आणि कंडक्टिव्हिटी मीटरचा आकडा लिहायचा. आकडा खाली येऊन स्थिरावला की थांबायचं. मीटर नसेल तर पाण्याच्या नमुन्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट घाला. दुधट झालं तर क्लोराइड अजून निघतंय.

शिक्षणाचं म्हणाल तर रसायनशास्त्राची पदवी सगळ्यात उपयोगी पडते. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी, जतनाच्या प्रशिक्षणासाठी लखनौची एनआरएलसी ही राष्ट्रीय जतन-संशोधन प्रयोगशाळा. पण अर्ज करण्याआधी घरची फुटलेली कुंडी जोडून बघा. बोटांत चिकाटी आहे का ते कळेल.

तुकडे जोडायला पॅरालॉइड बी-७२ हे अॅक्रिलिक रेझिन वापरतात. त्याचे दाणे थेट अॅसिटोनमध्ये टाकले तर तळाशी गोळा होऊन बसतात. मलमलच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत रात्रभर लटकवा. भुसभुशीत कडांना आधी ५ टक्के, सांध्याला ५० टक्क्यांच्या आसपास. चिकटवण्याआधी सगळे तुकडे टेपने जुळवून क्रम लिहून ठेवा, नाहीतर शेवटचा तुकडा आत जातच नाही. आणि बी-७२ चाळीस अंशांच्या आसपास मऊ पडतं, हे विदर्भात काम करणाऱ्याने विसरू नये. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात जड रांजणाचा सांधा हळूहळू सरकतो. तिथे थोडं जास्त तापमान सोसणारं बी-४८एन त्यात मिसळतात, आणि रांजण वाळूच्या ट्रेमध्ये आधार देऊनच ठेवतात.