रेडिओलहरींनी प्लाझ्मा तापवायचा, तर आधी जागा ठरवा

दर रविवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या घरी बारावीची चार-पाच मुलं वह्या घेऊन येतात. माझी नोकरी ट्रान्समीटर सांभाळण्यात गेली आणि आता गच्चीवरच्या अँटेनावरून मी हौशी रेडिओ चालवते. त्यामुळे एकाने परवा विचारलंच, "काकू, रेडिओलहरींनी फ्युजनचा प्लाझ्मा कसा तापवतात?" मी त्याला गणितच मांडायला लावलं. तुम्हीही कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घ्या.

फ्युजन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवणं, आणि प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन (विद्युतभारित अणू) सुटे झालेला तप्त वायू. त्याला चुंबकी क्षेत्राने कोंडणारा टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं पात्र. आतल्या प्लाझ्मातून मोठा विद्युतप्रवाह वाहतो आणि सुरुवातीला तोच प्लाझ्माला तापवतो. पण प्लाझ्मा जितका तापेल तितका त्याचा रोध घटतो. तापमान चौपट झालं, की रोध एक अष्टमांश. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या इटर या मोठ्या टोकामॅकला सुमारे १५ कोटी अंश हवे आहेत आणि नुसत्या प्रवाहाने तिथवर पोचता येत नाही.

आता दोन आकडे पाठ करा. चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉन दर टेस्लामागे २८ गिगाहर्ट्झने गिरक्या घेतो, तर प्रोटॉन दर टेस्लामागे १५.२ मेगाहर्ट्झने. हायड्रोजनच्या जड भावंडांपैकी ड्यूटेरियमसाठी त्याच्या निम्मे आणि ट्रिटियमसाठी साधारण एक तृतीयांश, म्हणजे ५.१. लहरीची वारंवारता गिरकीशी जुळली, की कणाला दर फेरीत योग्य वेळी धक्का बसतो. मग तो कण शेजाऱ्यांना आपटतो आणि उष्णता पसरते.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. गांधीनगरजवळ भाटला प्लाझ्मा संशोधन संस्थेत एसएसटी-१ हा टोकामॅक आहे. त्याची मोठी त्रिज्या, म्हणजे भोकाच्या केंद्रापासून वड्याच्या नळीच्या मध्यापर्यंत, १.१ मीटर; छोटी, म्हणजे त्या नळीची, ०.२ मीटर. मध्यावर १.५ टेस्ला क्षेत्र धरा. २८ गुणिले १.५ म्हणजे ४२ गिगाहर्ट्झ, आणि तिथल्या इलेक्ट्रॉन तापवण्याच्या यंत्रणेची वारंवारता खरोखर ४२ गिगाहर्ट्झच आहे. हा मेळ मी पहिल्यांदा स्वतः मांडला, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पण खरी मेख पुढे आहे. मेदूवड्याच्या भोकाच्या बाजूला क्षेत्र जास्त असतं, बाहेरच्या बाजूला कमी. ते त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात उतरतं. कडेपर्यंतचा हिशेब करा: आतल्या कडेला, ०.९ मीटरवर, १.८३ टेस्ला आणि बाहेरच्या कडेला, १.३ मीटरवर, १.२७. म्हणजे इलेक्ट्रॉनच्या गिरक्या ५१ गिगाहर्ट्झपासून ३५.५ पर्यंत बदलत जातात. तुमची ४२ ची लहर मध्ये एका अरुंद पट्ट्यातच शोषली जाणार. मधलं क्षेत्र १.६ टेस्ला केलंत, तर तो पट्टा ७ सेंटीमीटर बाहेर सरकेल. वारंवारता निवडताना आपण कण निवडतोच, पण त्याबरोबर जागाही निवडतो, हे मुलांच्या डोक्यात बसेपर्यंत मी पुढे जात नाही.

घनताही तपासा. दर घनमीटरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचं वर्गमूळ काढून त्याला ९ ने गुणा, की प्लाझ्माची स्वतःची वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. साध्या ध्रुवीकरणाची लहर त्याच्या खाली असेल, तर परतून येते. ४२ गिगाहर्ट्झसाठी ही मर्यादा सुमारे २.२ गुणिले १० चा १९ वा घात.

आयन तापवायचे असतील, तर १.५ टेस्लाला प्रोटॉनसाठी २२.८ मेगाहर्ट्झ निघतात. मात्र निव्वळ हायड्रोजनच्या प्लाझ्मात या लहरीचं विद्युतक्षेत्र नेमक्या त्या पट्ट्यात प्रोटॉनच्या गिरकीच्या उलट दिशेने फिरतं आणि उष्णता जवळजवळ पोचत नाही. म्हणून ड्यूटेरियममध्ये थोडे टक्के हायड्रोजन मिसळतात. दुसरी वाट दुप्पट वारंवारतेची. इटरच्या ५.३ टेस्लात ट्रिटियमसाठी ५.१ गुणिले ५.३ गुणिले २, म्हणजे ५४ मेगाहर्ट्झ, आपल्या एफएम बँडच्या बऱ्याच खाली. इटरसाठी या पट्ट्यातले शक्तिशाली रेडिओस्रोत पुरवण्याचं काम भारताकडे आहे.

अँटेनाकडे मात्र सर्वात जास्त लक्ष द्या. इलेक्ट्रॉनांसाठीच्या मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्वातातून सरळ जातात, म्हणून त्यांचा झोत वळवणारा आरसा प्लाझ्मापासून लांब ठेवता येतो. आयनांच्या मेगाहर्ट्झ लहरीला कडेचा विरळ थर ओलांडताना धाप लागते, म्हणून तिची अँटेना प्लाझ्माच्या कडेपासून काही सेंटीमीटरवरच हवी. जवळ नेली, तर भिंतीचे आणि अँटेनाचे जड धातू सुटून प्लाझ्मात मिसळायची भीती. लांब ठेवली, तर शक्ती मागे परतते.

शक्ती परतण्याचा अर्थ मला एका जुलैने शिकवला. गच्चीवरच्या केबलच्या कनेक्टरवरची टेप सुटली आणि आत पाणी शिरलं. अँटेनाकडून शक्ती किती परततेय ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा तीनच्या वर, म्हणजे धोक्यात, गेलेला मला दिसत होता. तरी रत्नागिरीचा आवाज येतोय म्हणून मी बोलत राहिले आणि शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर गेला. नवा आणायला लॅमिंग्टन रोड गाठावा लागला. टोकामॅकमध्ये कडेचा प्लाझ्मा मध्येच उसळतो, तेव्हा अँटेनावरचा भार मिलिसेकंदाच्या आत बदलतो. अँटेनाचा भार ट्रान्समीटरशी जुळवणारा, मोटरने फिरणारा ट्यूनर तिथे पुरा पडत नाही. म्हणून शक्ती दोन अँटेनांत अशी वाटतात, की परतलेली लहर ट्रान्समीटरऐवजी डमी लोडमध्ये, म्हणजे शक्ती जिरवणाऱ्या रोधात, जाऊन जिरते. तुमच्या आराखड्यात हे आधी काढा, मग बाकीचं.

आता नियंत्रण. प्लाझ्माच्या थरांत कधी कधी चुंबकी रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि बेटं तयार होतात. तिथून उष्णता गळते. बेट वाढलं, तर सगळा प्लाझ्माच कोसळू शकतो. उपाय असा: इलेक्ट्रॉनांसाठीचा झोत क्षेत्ररेषांना काटकोनात न सोडता तिरका सोडायचा, म्हणजे तापवण्याबरोबर तो थोडा प्रवाहही ढकलतो, आणि तो प्रवाह नेमका बेटाच्या पोटात भरायचा. बेट कुठे आहे ते प्लाझ्माच सांगतो, कारण गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन त्याच वारंवारतांवर स्वतः लहरी सोडतात. जिथून येणारी उष्णतेची खूण सपाट दिसते, तिथे बेट.

मग आरसा फिरवा. तो पट्ट्यापासून १ मीटरवर धरा. आरसा एक अंश वळवला, की परावर्तित झोत दोन अंश वळतो, म्हणजे ३.५ सेंटीमीटर सरकतो. बेट ३ सेंटीमीटर रुंद आणि झोत त्याच्या मध्यावर असेल, तर एका अंशाच्या चुकीने तो बेटाबाहेर पडतो.