घाटात ॲम्बेसेडरचं इंजिन ठोकायला लागलं तर

कशेडी चढताना जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरच्या इंजिनातून टकटक येते आणि ॲक्सिलरेटर सोडताच थांबते? टायमिंग पुढे गेलेलं, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत असण्याची शक्यता मोठी. पण लगेच डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) फिरवू नका. त्यातल्या पॉइंटची (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची) गॅप जास्त असली की ठिणगी लवकर पडते, म्हणून आधी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन लुकास कंपनीचे पॉइंट ०.३५ ते ०.४० मिमीवर आणा. मग डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेला थोडा वळवून सोडा. झटकन मागे आला पाहिजे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत वेगानुसार ठिणगी पुढे नेणारी आतली वजनं गंजून पुढेच अडकतात, मग तो मागे येत नाही. तसं असेल तर वजनांवर मशीन ऑइलचे दोनच थेंब सोडा, पॉइंटवर उडालं तर गाडी सुरूच होणार नाही. तरीही ठोकलं, तर डिस्ट्रिब्युटर रोटरच्याच दिशेला किंचित सरकवून पुन्हा तोच चढ चढून बघा.