वेबवर टाकल्यावर फोटोंचे रंग फिके पडत होते, त्यावर उपाय

पैठणीचा राणी रंगाचा काठ गिंपमध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) झळझळीत, वेबवर मात्र मळकट. सॅच्युरेशन वाढवलं तर चेहरे नारिंगी. जेपेगची क्वालिटी १०० केली, फरक शून्य. डोकं पिकलं होतं.

कॅमेऱ्यात कलर स्पेस (फोटोतले रंगांचे आकडे कसे वाचायचे ते ठरवणारी पद्धत) अ‍ॅडोबी आरजीबी होती आणि अपलोड होताना प्रोफाइल, म्हणजे कलर स्पेस कोणती ते सांगणारी फाइलमधली माहिती, गळत होतं. मग ब्राउझर फोटो एसआरजीबी (वेबवरची नेहमीची, कमी रंग मावणारी कलर स्पेस) धरून दाखवतो, म्हणून रंग फिके.

गिंप २.१० मध्ये फोटो उघडताना प्रोफाइल बदलायचं का असं विचारलं तर 'कीप'. मग इमेज → कलर मॅनेजमेंट → कन्व्हर्ट टू कलर प्रोफाइल, तिथे बिल्ट-इन एसआरजीबी. त्याच मेनूतलं 'असाइन' घेऊ नका, त्याने आकडे न बदलता फक्त प्रोफाइल बदलतं आणि फिकेपणा तसाच राहतो! नंतर स्केल इमेज, लांब बाजू २०४८ पिक्सेल. त्यानंतरच हलकं शार्पन. एक्सपोर्ट करताना क्वालिटी ८५, 'सेव्ह कलर प्रोफाइल'वर टिक.

कॅमेऱ्यातही आता एसआरजीबी ठेवलंय; रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फोटोच्या) मूळ डेटाला त्याने धक्का लागत नाही.