आई-बाबांच्या मृत्युपत्रासाठी वकिलाकडे जाण्याआधी

भेटीची वेळ ठरवण्याआधी आई-बाबांना एकदा निवांत विचारून घ्या, की मृत्युपत्र करायचं त्यांच्या स्वतःच्या मनात आहे का आणि कुणाला काय द्यावंसं त्यांना वाटतं. जे सांगतील ते ऐकून घ्या, लगेच वाद घालू नका. वकील म्हणून माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांबरोबर बहुधा मुलगा, मुलगी किंवा सून असते आणि सगळं बोलणं तेच करतात. मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगते. काहींच्या मनाला ते लागतं. पण माझ्या अशील त्या आजी असतात, त्यांना घेऊन आलेली माणसं नव्हेत. उद्या कुणी कोर्टात म्हणालं की आजींवर दबाव होता, तर त्या एकांतातल्या बोलण्याचाच आधार असतो. तेव्हा बाहेर बसायची तयारी ठेवूनच या.

मग कुटुंबाची यादी करा, आणि ती पूर्ण करा. लग्न होऊन गेलेल्या मुली, परदेशी असलेला मुलगा, वर्षानुवर्षं बोलणं नसलेला भाऊ, वारलेल्या मुलाची बायको-मुलं, सगळे त्यात हवेत. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पत्नी आणि मुलामुलींबरोबर त्याच्या आईलाही बरोबरीचा वाटा मिळतो. बाबांची आई हयात असेल तर हे अनेक घरांत ऐनवेळी कळतं. कुणाला वगळायचं असेल तरी त्याचं नाव यादीत हवं; त्याला का वगळलं हे मृत्युपत्रात दोन ओळींत लिहिलेलं असलं, की ‘विसरले असतील’ असं म्हणायला जागा उरत नाही. नावं आधारकार्डावर आहेत तशीच लिहा. आईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर आणि बँकेत तिसरंच, हे इतक्या घरांत असतं की ‘उर्फ’ लावून सगळी नावं एकत्र लिहून आणा असं मी आधीच सांगते.

मालमत्तेच्या कागदांत शेतीसाठी सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), गावठाणातल्या किंवा शहरातल्या जागेसाठी मालमत्ता पत्रक, फ्लॅटसाठी नोंदणी झालेला करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा गोषवारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट लागतं. प्रत्येकापुढे ती मालमत्ता आली कुठून ते लिहा: स्वतःच्या कमाईतून घेतली, वडिलांकडून आली, की भावाने हक्कसोडपत्र करून दिली. कागदापेक्षा हा तपशील मोलाचा आहे, कारण मृत्युपत्राने माणूस फक्त आपल्या हक्काचं देऊ शकतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीही मुलांसारख्याच जन्माने सहहिस्सेदार आहेत, आणि त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. ‘शेत सगळं धाकट्याला’ असं बाबांनी लिहिलं तरी ते त्यांच्या हिश्शापुरतंच चालेल. मुस्लिम कुटुंबात साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने द्यायची तर वारसांची संमती लागते. कर्जं आणि कुणाला राहिलेले जामीन हेही याच यादीत लिहा.

बँक, विमा, शेअर, म्युच्युअल फंड, पोस्ट, पीएफ यांच्या नोंदींत नॉमिनी कोण आहे ते एकेक करून तपासा. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून जरा थांबते. नॉमिनी म्हणजे संस्थेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे तो माणूस. तो एरवी मालक होत नाही, वारसांच्या वतीने पैसे घेतो. शेअरच्या बाबतीतही तेच, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं. फ्लॅटचा नॉमिनी सोसायटीच्या दप्तरी सभासद म्हणून लागला तरी फ्लॅट वारसांचाच राहतो. आयुर्विम्यात 2015 नंतर वेगळा नियम आहे: आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. बँकेच्या ठेवींना 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी देता येतात. मी कितीतरी घरांत पाहिलं आहे, की मोठ्या मुलाचं नाव सोयीसाठी लावलेलं असतं, पुढे तो ते आपल्याला दिलं असं समजतो, बाकीची भावंडं त्याने लाटलं असं समजतात आणि सांगायला आई-बाबा नसतात. नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी एकच ठेवता आला तर ठेवा. शक्य नसेल तर तसं का, ते मृत्युपत्रात लिहायला सांगा.

दागिन्यांसाठी ‘माझे सोने’ एवढं लिहून चालत नाही. कोणती पाटली कुणाला ते वजनासकट लिहा, फोटो काढून ठेवा.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेलंही चालतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करायला सांगते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार मात्र आवश्यक केले आहेत. साक्षीदार आई-बाबांहून वयाने लहान, सहज सापडतील असे आणि मृत्युपत्रात काहीही न मिळणारे निवडा. बाबांचे समवयस्क मित्र प्रेमाने तयार होतात, पण पुढे कोर्टात साक्षीला त्यांच्यातलं कोण असेल? वय जास्त असेल किंवा विस्मरणाची सुरुवात असेल तर ओळखीच्या डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला घ्या. विस्मरण सुरू झालं म्हणून मृत्युपत्र होतच नाही असं नाही. सही करताना आपण काय करतोय, आपल्याकडे काय आहे आणि आपली माणसं कोण हे समजत असलं पाहिजे. तरीही तिथवर थांबू नका. ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणता म्हणता ही वेळ निघून गेलेली घरं पाहताना मला फार वाईट वाटतं.

कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर (पॉवर ऑफ ॲटर्नी), भिस्त ठेवणारे खूप भेटतात. बाबांची बुद्धी चालेनाशी झाली तर हे मुलाच्या कामी येईल असं त्यांना वाटतं. आपल्या 1872 च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की तो अधिकारही संपतो, आणि मृत्यूनंतर तर संपतोच. नेमकी गरज पडते तेव्हा हा कागद उपयोगी नसतो. मग उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो, तोवर दवाखान्याचं बिल कुठून भरायचं हा प्रश्न राहतो. म्हणून आत्ताच एखादं खातं आणि लॉकर ‘दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो’ या पद्धतीने संयुक्त करून घ्या. त्यात कुणाचं नाव घालायचं हे आई-बाबांनी ठरवायचं, आणि सोयीसाठी नाव घातलं म्हणजे पैसे दिले असं नाही, हे मृत्युपत्रात यायला हवं. पेन्शन असेल तर पेन्शनच्या आदेशावर आईचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का तेही पाहा.

उपचारांबद्दलची इच्छा मृत्युपत्रात लिहू नका, ते उघडेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र वेगळं करा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करून घेता येतं. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर हवा की नको, आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा, हे त्यात असतं. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या. हे बोलणं घरात जड जातं, तरी आईच्या तोंडून ऐकलेलं असलं, की अतिदक्षता विभागाबाहेर भावंडं एकमेकांवर ओरडत नाहीत.

‘मृत्युपत्र कशाला, आत्ताच नावावर करून द्या’ असा आग्रह कुणी करत असेल तर मला तो एकांतात सांगा. राहतं घर किंवा शेती मुलांना बक्षीसपत्राने (हयातीतच मालमत्ता देऊन टाकणाऱ्या दस्ताने) द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, त्यामुळे हा आग्रह फार होतो. मृत्युपत्र कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र सहजी फिरवता येत नाही. द्यायचंच असेल तर ‘आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर’ हे दस्तात स्पष्ट लिहायला लावा, आणि हयातभर राहण्याचा हक्कही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडून दस्त रद्द करून घेता येतो. दस्तात अट नसेल तर ती होती हे सिद्ध करायला म्हातारपणी फार धावपळ करावी लागते.

भेटीच्या दिवशी चष्मा, श्रवणयंत्र, दुपारची गोळी बरोबर घ्या आणि आई-बाबा ताजेतवाने असतात ती वेळ मागा. बहुतेकांची ती सकाळची असते. जिना चढवत नसेल तर आधी सांगा, मी घरी येईन. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी दुय्यम निबंधकही (सब-रजिस्ट्रार) घरी येऊन दस्त नोंदवून घेऊ शकतात, त्यासाठी अर्ज द्यावा लागतो. मूळ मृत्युपत्र फक्त आईच्या एकटीच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, कारण तो उघडायलाच पुढे कागद लागतील. ते कुठे आहे हे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करायला व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या माणसाला आणि आणखी एकाला माहीत असू द्या. आत काय लिहिलंय ते सांगायचं की नाही, हे आई-बाबा ठरवतील.