फॉरमॅट मारण्याआधी

पहिल्यांदा कॉम्प्युटर फॉरमॅट केला तेव्हा डेस्कटॉपवरचं सगळं पेन ड्राइव्हमध्ये ओढून मी निर्धास्त झालो होतो. नंतर बघतो तर निम्म्या आयकॉनच्या कोपऱ्यात तो छोटा बाण, आणि साइझ 2 केबी. नुसते शॉर्टकट! खरे फोटो सी ड्राइव्हबरोबर गेले. तेव्हापासून मूळ फोल्डर आणि कॉपी, दोन्हींच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या जुळवतो. शिवाय चार-पाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो. कंटाळा येतो, पण बघतोच.

विंडोजमध्ये डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे एरवी सी ड्राइव्हवरच, यूझर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतं. तो अख्खा उचला. त्यातला ॲपडेटा फोल्डर (प्रोग्रामांच्या सेटिंग्ज असतात तो) लपलेला असतो. व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू केलं की दिसतो. ब्राउझरचे पासवर्ड मात्र असे कॉपी करून परत मिळतील या भरवशावर राहू नका, ते ब्राउझरमधूनच एक्सपोर्ट करा. ती फाइल कुणालाही वाचता येते, तेव्हा काम झालं की उडवा.

जागा भरपूर असूनही मोठा व्हिडिओ कॉपी होत नसेल, तर पेन ड्राइव्ह बहुधा फॅट32 या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात 4 जीबीच्या वरची फाइल मावत नाही. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर प्रत्येक ड्राइव्हची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. फक्त सी उडवलात तरी डी उघडताना डीची की लागू शकते.

आता बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवा. हे विसरू नका, कारण सी फॉरमॅट होतो तो विंडोज नव्याने टाकताना, आणि त्या इन्स्टॉलरच्या स्क्रीनवर सी, डी अशी अक्षरं दिसतीलच असं नाही. तिथे ‘ड्राइव्ह 0 पार्टिशन 3’ असलं काहीतरी असतं आणि ओळख पटते ती साइझवरूनच. म्हणून विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक पार्टिशनची साइझ आधीच लिहून ठेवा. मग सी निवडा, फॉरमॅट दाबा.

जुनी हार्ड डिस्क कुणाला देणार असाल तर क्विक फॉरमॅटवर भागवू नका. त्यात फाइलींची यादी तेवढी पुसली जाते, डेटा जागेवरच राहतो. ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून क्विकची टिक काढा आणि पूर्ण फॉरमॅट करा. व्हिस्टापासून पुढे त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. मोठ्या डिस्कला तासन्‌तास लागतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच सुरू करा.